अनामत

संध्याकाळी सहाला मी काउंटर क्रमांक दोनवर बसते.
पाम बीचवरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे काचेवर सरकतात,
काच आपोआप उघडते,
आत येणाऱ्याला वाटतं, आपलीच वाट बघत होती.
मी म्हणते, नमस्कार, पेशंटचं नाव?
मी म्हणते, अनामत चाळीस हजार, कार्ड की रोख?
झोपेत कूस बदलतानाही बोलते म्हणे,
असं हे सांगतात.

ह्यांच्याच पित्ताशयात खडे निघाले.
सोनोग्राफीवाल्यानं मोजून सांगितले, अकरा.

स्टाफला वीस टक्के सूट आहे.
मी कॅल्क्युलेटरवर ती काढली,
मग उरलेल्या आकड्याकडे बघत बसले.
वीस टक्क्यांनी लाखाला फरक पडतो,
माझ्या पासबुकाला पडत नाही.

घरात दोन पक्ष झाले.
धाकटी म्हणाली, कर्ज काढू, पालिकेत नको, तिथे उंदीर असतात.
मोकळ वहिनी दारात मेथी निवडत होत्या, म्हणाल्या,
अगो, माझी दोन्ही बाळंतपणं तिथलीच.
उंदीर नाही दिसला. नर्स दिसली.
ओरडली खूप, पण पहाटेपर्यंत हलली नाही.
आणि खाजगीत आमच्या भाच्याचं...
एवढं म्हणून त्यांनी पुढची जुडी सोडली.
हे रिमोट धरून गप्प.
कळ आली की उशी पोटाशी घ्यायचे
आणि आवाज वाढवायचे. टीव्हीचा.

मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी,
सकाळी सातला पालिकेच्या रांगेत.
पुढे तुर्भे स्टोअरची एक बाई,
तिच्या पोराच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
मागे इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ
कुणी न विचारता सांगत होते, आम्ही नेहमी इथे येत नाही.
मी काही बोलले नाही.
मनात माझंही तेच चाललं होतं.

केसपेपर दहा रुपये.
खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं,
नाव? वय? काय होतंय?

काय होतंय.
सहा वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता.

तीन तासांनी एकोणीस नंबरची खोली.
टेबलामागे डॉक्टर नाईकवडी.
तेच, रात्री आठला माझ्या समोरून लिफ्टकडे जाणारे,
ज्यांच्या नावापुढे मी टाइप करते:
सल्ला, बाराशे.
इथे कोपराखाली फाटकं रेक्झिन, चहावर साय,
दाराबाहेर ऐंशी माणसं.
त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना,
आणि दोघंही पकडले गेल्यासारखे झालो.
मग ते उठले,
ह्यांच्या बरगडीखाली बोटं रुतवून म्हणाले, श्वास घ्या.
तीच बोटं.
पंचवीस दिवसांनंतरची तारीख देतो.
मध्ये ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका.
आणि तिकडे, मी विचारलं.
ते बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले.
तिकडे उद्या होईल, म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी पडदा सरकवून
मी ह्यांच्या डोळ्यांतलं पांढरं बघते.
ह्यांना वाटतं, मायेनं बघते.
तेही असेल.

काल काउंटरवर घणसोलीचे एक आजोबा आले,
कापडी पिशवीत रबर लावलेलं पुडकं.
मोजायला देण्याआधी म्हणाले,
पोरी, इथे बरं होईल ना?
डोक्यावर कॅमेरा. समोर फलकावर हसणारं कुटुंब.
मी विचारलं, आजोबा, काय होतंय तुम्हाला?
ते सांगू लागले, अगदी होळीपासूनचं.
मागची माणसं चुळबुळायला लागली,
मॅनेजरनं केबिनमधून मान वर काढली.
पुडकं आमच्या दोघांच्या मध्ये, तसंच.

आज बारावा दिवस.